थोरलीचा आईवाफा

थोरलीच्या हाताला गुण आहे, हे त्या उतरणीवर कुणाला सांगावं लागत नसे. उतरणीवर स्ट्रॉबेरीची जेवढी रानं होती, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांत तिनं दिलेली रोपं होती. घराच्या मागे, पाण्याच्या टाकीच्या वरच्या अंगाला, बारा सऱ्यांचा तिचा एक वाफा होता. त्याला सगळे आईवाफा म्हणत. या वाफ्यातलं फळ कुणी कधी खाल्लं नाही, कारण थोरली तिथं फळ धरूच देत नसे. फूल दिसलं की खुडायचं. मग रोपाचं सगळं बळ वेलांत उतरतं, वेल जमिनीवर सरपटत जातात, हातभर अंतरावर मुळं धरतात आणि एकेका आईरोपाला पंधरा-वीस पिल्लं होतात. ही पिल्लं थोरली वाटायची. कुणाचं नवं घर झालं, कुणी दुखण्यातून उठलं, कुणाचं रान गारपिटीत गेलं, की ही टोपली घेऊन हजर. विकलं मात्र चाळीस वर्षांत एकही रोप नाही.

"तू एखादं रोप आपल्या रानाला पण देत जा," तिचा नवरा म्हणायचा. नवऱ्याला उतरणीवर घाईबुवा म्हणत, कारण घाई त्याला जन्मात कधी शिवली नव्हती.

अशा बाईच्या शेजारच्याच रानात स्ट्रॉबेरी मरावी, याला काय म्हणायचं?

शेजारचं रान धाकटीचं, म्हणजे थोरलीच्या धाकट्या जावेचं. तिचा नवरा फळांचा ट्रक चालवायचा आणि आठवड्यातले पाच दिवस बाहेर असायचा, म्हणून रान तिच्या एकटीच्या अंगावर होतं. पाच वर्षांपूर्वी तिनं एका रोपवाटिकेतून मोठ्या फळाची नवी जात आणली. थोरलीला ते काही आवडलं नाही, पण तोंडानं बोलली नाही. उलट आईवाफ्यातली दोन टोपल्या रोपं घेऊन गेली आणि नव्या जातीच्या दोन्ही बाजूंना आपल्या हातानं लावून आली. "सोबत असू दे," म्हणाली. "नवीन आहेत, बुजतील." धाकटी हसली होती. तेव्हा ती थोरलीला ताई म्हणायची आणि दोन्ही रानांमधल्या कुंपणाला एक फट होती. त्या फटीतून दिवसाकाठी दहा वेळा येणं-जाणं व्हायचं.

पहिल्या वर्षी नवी जात ठीक होती. दुसऱ्या वर्षी तिची पानं कडेनं पिवळी पडली आणि आत मुरडली. तिसऱ्या वर्षी रोपं बसकी राहिली, आणि फळं धरली ती बोराएवढी. सोबतीला लावलेल्या थोरलीच्या रोपांना मात्र काही झालं नाही. ती आपली हिरवीगार उभी.

मग व्हायचं ते झालं. फळांच्या वजनकाट्यावर सकाळी सगळी उतरण क्रेट घेऊन रांगेत उभी असते. धाकटीचे क्रेट उतरवताना काटेवाल्यानं विचारलं, "वहिनी, हे काय? चिंचोके आणले काय?" लोक हसले. थोरली मागेच उभी होती. ती बोलून गेली, "हात अन् कात्री स्वच्छ नसली की असंच होतं. शेवटी ज्याच्या त्याच्या हाताचा गुण असतो."

ती सहज बोलली होती. निदान नंतर स्वतःला तिनं तसंच सांगितलं. धाकटीनं वळून पाहिलं, क्रेट उचलले आणि गेली. दुपारी कुंपणाच्या फटीत एक फुटका क्रेट आडवा लागला होता. त्या दिवसापासून दोन वर्षं धाकटी थोरलीशी बोलली नाही. काही निरोप असलाच तर घाईबुवांकडे द्यायची, आणि तेव्हाही "जाऊबाईंना सांगा" असं म्हणायची. ताई हा शब्द तिनं पार गिळून टाकला होता.

थोरलीला ते लागलं. पण आपलं काय चुकलं? खरं तेच बोललो ना? असं म्हणत ती दिवसभर फुलं खुडायची आणि क्रेटवरून पलीकडे बघायची.

* * *

दोन वर्षं अशी गेली, मग संशोधन केंद्राची डॉक्टरीण आली. माणसांची नाही, झाडांची. बेरीच्या पिकांना लागणाऱ्या विषाणूंवर तिचं काम होतं. वय असेल तिशीचं. अंगानं सडसडीत, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आणि चष्म्याची एक काडी टेपनं चिकटवलेली. उतरणीवरच्या चार-पाच रानांत तसाच रोग दिसत होता, आणि तो कुठून येतो ते तिला शोधायचं होतं. कामाला पाण्याच्या जवळ एक सावलीची खोली हवी होती. घाईबुवांनी सावकाश विचार करून अवजारांची पडवी दिली.

"बरं झालं," थोरली म्हणाली. "एकदाचा निकाल लागू दे."

निकाल काय लागणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

डॉक्टरणीनं पडवीतल्या खिडकीखाली लाकडी चौकट मांडली, तिला चहाच्या गाळणीपेक्षाही बारीक जाळी लावली आणि आत बारा कुंड्या ठेवल्या. कुंड्यांत रानस्ट्रॉबेरीची नाजूक रोपं होती. ती तिनं केंद्रातल्या बंद काचघरात वाढवली होती.

"ही कशाला?" थोरलीनं विचारलं. "याला फळ येतं ते नखाएवढं."

"ही फळासाठी नाहीत, मावशी. काही जातींच्या अंगात रोग असला तरी वरून दिसत नाही. या रानरोपाला मात्र काही लपवता येत नाही. संशयित रोपाचं पान मी हिच्यावर कलम करते. रोग असेल तर तीन आठवड्यांत हिची नवी पानं मुरडतात."

"म्हणजे चुगलखोर आहेत म्हणा ना," घाईबुवा म्हणाले, आणि त्या दिवसापासून घरात कुंड्यांना चुगलखोर हेच नाव पडलं.

पानं गोळा करताना थोरली डॉक्टरणीच्या मागे मागे फिरली. पहिल्या दोन कुंड्या तशाच ठेवायच्या होत्या, ताडून बघायला. तीन ते सहा धाकटीच्या रानातली. रानाच्या कडेला आपोआप वाढलेल्या रानटी स्ट्रॉबेरीची दहा, अकरा, बारा. आणि मधल्या तिन्ही, म्हणजे सात, आठ आणि नऊ, आईवाफ्यातली.

"माझी कशाला? माझ्या रोपांना काय धाड भरलीय?"

"सगळ्यांचीच घेते, मावशी. नाहीतर लोक म्हणतील, जिथं राहते त्यांची सोडली."

हे थोरलीला पटलं. तिनं स्वतः उत्तमातली उत्तम पानं निवडून दिली. डॉक्टरीण रानरोपाच्या तीन दलांच्या पानाचं मधलं दल काढायची, देठाला उभी चीर द्यायची, आणि संशयित पानाचं दल पाचरीसारखं कापून त्या चिरेत बसवायची. वर बारीक पट्टी, मग पिशवी. दाताच्या डॉक्टरला लाजवील असा हात होता पोरीचा. थोरली बघत राहिली. तिला त्या क्षणी ती फार आवडली.

"तीन आठवडे मी वरच्या गावांत आहे," जाताना डॉक्टरीण म्हणाली. "पिशव्या मी चार दिवसांनी माणूस पाठवून काढून घेईन. तुम्ही फक्त या नळीतून पाणी द्या. जाळी उघडू नका."

"अगं, चाळीस वर्षं रोपं सांभाळतेय. तू जा निर्धास्त."

* * *

अठराव्या दिवशी थोरली पाणी द्यायला गेली तेव्हा निम्म्याहून अधिक कुंड्यांची कळा गेली होती. कोवळी पानं कडेनं पिवळी, आत वळलेली, एकाचं दल दुसऱ्याला जुळेना. तिच्या जिवाला लागलं. परक्या पोरीनं विश्वासानं सोपवलेली रोपं, आणि आपल्या देखत ही दशा! खोली कोंदट, माती अपुरी, उपाशी ठेवली तर दुसरं काय होणार?

आजारी पान दिसलं की थोरलीचा हात थांबत नसे. हे ती ठरवून करत नव्हती. रस्त्यानं जाताना दुसऱ्याच्या रानातलं पिवळं पानही ती खुडायची आणि नखानं चुरडून टाकायची. तिनं जाळी उघडली, एकेक मुरडलेलं पान देठापासून खुडलं, पदरात घेतलं आणि चुलीत टाकलं. कुंड्यांना शेणखताचं पाणी दिलं. जाळी पुन्हा नीट ताणून बसवली. तीन दिवसांनी डॉक्टरीण आली तेव्हा चुगलखोर कसे तुकतुकीत दिसत होते.

"बघ," थोरली म्हणाली. "आजारी पडली होती तुझी पोरं. बरी केली."

डॉक्टरीण जाळीपाशी वाकली.  मग तिथल्या पालथ्या क्रेटवर बसली आणि चष्मा काढून डोळे चोळू लागली.

"मावशी, त्याच पानांसाठी मी तीन आठवडे थांबले होते."

 घाईबुवा दारात उभे होते, ते हळूच म्हणाले, "म्हणजे साक्षीदारांची तोंडंच बांधली की हिनं." कुणी हसलं नाही.

पोरगी रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. तिनं वही उघडली आणि विचारलं, "कोणकोणत्या कुंड्यांची पानं खुडलीत, आठवतं का?"

थोरलीला कोणतं रोप कुठून आलं, कधी आलं, हे सगळं आठवायचं. ती तिची ख्याती होती.

"तीन," ती म्हणाली. "चार, पाच, सहा."

"आणखी?"

सात, आठ, नऊ. दहा-अकरा-बाराला काही झालं नव्हतं. पण सात, आठ, नऊची पानं तिनं आपल्या हातानं खुडली होती, आणि खुडताना तिच्या मनात आलंही नव्हतं की ती कुणाची. ते आत्ता आलं. 

"आणखी नाही," थोरली म्हणाली. "मला नीट आठवत नाही."

डॉक्टरणीनं लिहून घेतलं. "हरकत नाही. पान तोडलं म्हणून रोग जात नाही. तो रोपाच्या अंगभर असतो. तीन आठवड्यांत नवी पानं येतील आणि तीही सांगतीलच. या वेळी मी दर पाच दिवसांनी येईन."

मग थोरलीनं चहा केला, पहिल्यांदाच कुणाची तरी खुशामत करावी तसा. चहा पिता पिता तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "हा रोग पसरतो कसा गं?"

"मावा आहे ना, पानाखालचा? तो या रोपाचा रस पितो आणि उडून त्या रोपावर बसतो. आणि दुसरा मार्ग वेलाचा. आईरोपात असला की पिल्लात येतोच."

"आणि हातावाटे? कात्रीवाटे?"

"छे. हा त्यातला नाही. हात कितीही धुतले तरी काही फरक पडत नाही."

"पण समज, रोप धडधाकट दिसतंय. हिरवंगार. त्याच्यात कसा असेल?"

"तिथेच जास्त टिकतो, मावशी. जुन्या कणखर जाती सोसतात, नव्या नाजूक जातींना सोसत नाही. मेलेल्या रोपाला सगळे उपटून टाकतात. धडधाकटाला कोण उपटणार?" ती बशी खाली ठेवत म्हणाली. "त्याची तर उलट रोपं मागून नेतात."

* * *

पुढचे तीन आठवडे थोरलीला जेवण गोड लागलं नाही. हंगाम संपत आला होता. सकाळी शेवटचे तोडे, कमरेत वाकून सऱ्यांमधला पेंढा बाजूला सारत फळ शोधायचं. दुपारी आईवाफ्यात वेल सरळ करायचे, पिल्लांना मातीत दाबून वर खडा ठेवायचा. हेच तिच्या आवडीचे दिवस. आता वेल हातात घेतला की तिला वाटायचं, यातून काय वाहतंय कोण जाणे.

एक दिवस खालच्या वस्तीवरची शिंपीण टोपली घेऊन आली. तिनं नवं रान धरलं होतं. "थोरल्या वहिनी, शंभर रोपं द्या. तुमच्या हातचीच लावायची म्हणून थांबलेय."

थोरलीनं खुरपं पुसलं, परत पुसलं. "या वर्षी नाही जमायचं बाई."

"पन्नास?"

"एकही नाही."

शिंपिणीचा चेहरा पडला. आपलं काही चुकलं का, असं तिनं दोनदा विचारलं आणि रिकामी टोपली काखेत मारून उतरणीला लागली. चाळीस वर्षांत त्या दारातून टोपली रिकामी गेली नव्हती. घाईबुवा बघत होते. संध्याकाळी कधी नव्हे ते त्यांनी तिच्या पायाला स्वतःहून तेल लावून दिलं.

"तुम्हाला काय झालंय?" ती वसकन म्हणाली.

"मला काही नाही झालं," घाईबुवा म्हणाले. "तुला झालंय. सांगशील तेव्हा सांग. मला कुठं घाई आहे?"

आणि मग ती सकाळ आली. डॉक्टरीण दुसऱ्या दिवशी यायची होती. थोरली पाण्याची नळी घेऊन जाळीपाशी गेली. तिसऱ्या कुंडीत नवं पान मुरडलेलं. चौथ्या, पाचव्या, सहाव्या. सातव्यात मधोमध एक कोवळं पान वर आलं होतं, कडेनं पिवळं, मुठीसारखं वळलेलं. आठव्यात तसंच. नवव्यात तसंच. तीन पानं. चिमटीत मावतील एवढी.

कात्री कमरेला होती. जाळीची कड कशी उघडते ते तिला माहीत होतं. तीन पानं खुडली की आईवाफा राहिला, हाताचा गुण राहिला, चाळीस वर्षांची टोपली राहिली. आधीच एकदा खुडली होती. दुसऱ्यांदा कोण विचारणार होतं? तिनं जाळीची कड उचलली.

पडवीची खिडकी पलीकडच्या रानाकडे उघडत होती. धाकटी तिच्या सरीच्या टोकाला उकिडवी बसली होती. समोर बादली, बादलीतून वाफ येत होती. तिनं कात्री बादलीत बुडवली, घासली, बाहेर काढून पुसली. मग दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले आणि ब्रशनं खसाखसा घासले. हात लालभडक झाले होते, बोटांच्या पेरांवर भेगा होत्या. एका सरीचं काम करून ती उठली, बादली उचलली, पुढच्या सरीपाशी नेऊन ठेवली आणि परत हात घासायला बसली. एकेका सरीला एकेकदा. रोपं मेल्यातच जमा होती, तरी.

थोरलीनं ते पहिल्यांदाच पाहिलं असं नाही. आजवर नुसती बादली दिसायची. कशासाठी, हे तिनं कधी मनाला विचारलं नव्हतं. आता तिचेच शब्द तिच्या कानात वाजले, काट्यावर बोललेले, चारचौघांत.

तिनं जाळीची कड खाली सोडली, नीट दाबली आणि पडवीतून बाहेर पडली.

* * *

कुंपणातला फुटका क्रेट दोन वर्षांत मातीत रुतला होता. तो ओढताना थोरलीच्या तळहातात खिळा घुसला. ती तशीच पलीकडे गेली.

धाकटीनं मान वर केली नाही. "जाऊबाई, रस्ता चुकलात का?"

"पाण्यात सोडा टाकतेस?"

"टाकते."

"कधीपासून?"

"तुम्ही काट्यावर बोललात त्या दिवसापासून."

थोरलीला बसावंसं वाटलं, पण कुणी बस म्हटलं नव्हतं. "हा रोग हातावाटे जातच नाही," ती उभ्यानंच म्हणाली. "तुझ्या हातात काही खोट नव्हती. माझ्या वाफ्यात होती. मी जी सोबतीला लावून गेले ना, त्यांच्या अंगात होता. त्यांना सोसतो, तुझ्या जातीला सोसला नाही. सात, आठ अन् नऊ नंबरच्या कुंड्या माझ्या. तिन्ही मुरडल्यात. मागच्या वेळीही मुरडल्या होत्या, अन् मी खोटं बोलले."

धाकटीचे हात बादलीतच राहिले. पाणी हळूहळू निवळलं. तिनं हात बाहेर काढून उलटेपालटे करून पाहिले, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते.

"मग दोन वर्षं मी हे कशाला केलं?" ती म्हणाली.

थोरलीनं तळहातावरचं रक्त पदराला पुसलं.

"थंडीत भेगांतून रक्त यायचं. घरचे म्हणायचे, बाई, बस कर. मी म्हणायची, नाही, ताई बोलल्यात म्हणजे काहीतरी असेलच." आता धाकटी उठून उभी राहिली. "इथं येऊन काय सांगता? मला सांगून काय उपयोग? काट्यावर बोललात ना? काट्यावर सांगा."

* * *

दुसऱ्या दिवशी हंगामाचा शेवटचा तोडा होता. काट्यावर रांग होती. लोक मजेत होते, उद्यापासून पाठ सरळ करता येणार म्हणून. थोरली रांगेत न थांबता सरळ पुढे गेली आणि काट्याच्या पाटीवर, जिथं क्रेट ठेवतात तिथं, चढून उभी राहिली.

"वहिनी, तुमचं वजन करायचंय काय?" काटेवाला म्हणाला.

"करून घे. आजच्यानंतर ते राहील की नाही कोण जाणे."

हशा पिकला. तो ओसरेपर्यंत ती थांबली. धाकटी रांगेच्या शेवटी उभी होती. डॉक्टरीण नुकतीच आली होती आणि घाईबुवांबरोबर दाराशी थबकली होती.

"याच जागेवर मी माझ्या जावेला बोलले होते, तिच्या हाताला गुण नाही म्हणून," थोरली म्हणाली. "ते खोटं होतं. रोग माझ्या आईवाफ्यातनं गेलाय. तिच्याकडेही, अन् तुमच्याकडेही. ज्या ज्या घरी मी टोपली घेऊन गेले, त्या त्या घरी."

मग एकानं विचारलं, "म्हणजे आमचं वरचं रान गेलं ते?"

"तेही माझ्याच रोपांपायी. तुझ्या आईच्या आजारपणात दिली होती. साठ रोपं."

"आणि गवंड्याचं?"

"त्यालाही मीच. घर बांधलं त्या वर्षी."

एक जण क्रेट आपटून बाहेर निघून गेला. एकीनं नाक मुरडलं आणि म्हणाली, "फुकटचं दिलेलं असं भोवतं." थोरलीनं मान खाली घातली नाही. काटा तेवढा हलत होता, काटेवाला त्याच्याकडेच बघत बसला.

डॉक्टरीण पुढे आली. तिच्या हातात वही होती. "मावशी, कुणाला कधी दिलीत, सगळं आठवतं तुम्हाला?"

"सगळं."

"मग सांगा. गेली दोन वर्षं मी हेच शोधतेय."

थोरली काट्यावरच बसली आणि सांगू लागली. पहिली टोपली कुणाची, मग कुणाची, कोणत्या सालात, कोणत्या रानाच्या कोणत्या कडेला. एक्केचाळीस घरं. डॉक्टरीण भराभर लिहीत होती आणि उतरणीचा नकाशा काढून त्यावर ठिपके देत होती. जिथं ठिपका पडला, तिथलाच माणूस मान हलवायचा. रागावलेले लोकही जवळ आले. "अहो, मला बारा नाही, वीस दिली होती तुम्ही," कुणीतरी म्हणालं, आणि त्या बोलण्यात राग राहिला नव्हता.

ऐकता ऐकता धाकटी रांगेतून निघून गेली. 

* * *

आईवाफा उपटायचा ठरला. डॉक्टरणीनं आधी बारा वेलांची टोकं कापून घेतली. ती केंद्रात नेऊन ऊबदार कपाटात ठेवायची, आणि मग शेंड्याचा मोहरीपेक्षाही लहान कण काढून काचेच्या नळीत वाढवायचा. तेवढ्याशा कणात कधी कधी रोग पोचलेला नसतो.

"जगेल?" थोरलीनं विचारलं.

"सांगता येत नाही, मावशी. दीड वर्ष तरी लागेल."

थोरलीनं पदर खोचला आणि पहिल्या सरीला बसली. मुळं खोल होती. घाईबुवा दुसऱ्या सरीला बसले आणि त्यांच्या मानानं बरेच भराभर उपटू लागले. तिसरी सरी, चौथी. उपटलेल्या हिरव्यागार रोपांचा ढीग कंबरेएवढा झाला. थोरली रडत होती, नाक पुसत होती आणि उपटत होती.

ऊन कलायला आलं तेव्हा वाफ्याच्या दुसऱ्या टोकाकडून कुदळीचा आवाज आला. धाकटी बाराव्या सरीपासून सुरुवात करून अलीकडे येत होती.  सरीमागून सरी संपत दोघी सहाव्या सरीत समोरासमोर आल्या. मधे एकच रोप राहिलं, सगळ्यांत जुन्या ओळीतलं, घेरदार. थोरलीनं त्याच्या बुडाला हात घातला आणि तिच्यानं ओढवेना.

धाकटीनं कुदळ खाली ठेवली.

"सरका, ताई," ती म्हणाली. "मी उपटते. माझ्या हाताला गुण नाही ना, लगेच मरेल."

थोरलीनं वर पाहिलं. धाकटीच्या ओठांचा कोपरा थरथरत होता, हसण्यानं की कशानं ते कळत नव्हतं. मग थोरलीच आधी हसली, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, आणि तिच्या पाठोपाठ धाकटी. घाईबुवा म्हणाले, "चला, आता तरी चहा मिळेल."

* * *

डॉक्टरीण परत आली ती वीस महिन्यांनी. चष्म्याची काडी अजून टेपचीच होती. हातात पुठ्ठ्याचा खोका, खोक्यात ओल्या मातीच्या सहा चिमुकल्या कुंड्या. बारा टोकांतली तीन जगली होती, त्यांचीच ही सहा पिल्लं, आणि तिन्हींना तिनं चुगलखोरांपुढे दोन-दोनदा उभं केलं होतं. एकही पान मुरडलं नव्हतं.

वाफा तोवर मोकळाच होता. थोरलीनं त्याची माती चार वेळा उलथून ठेवली होती. तिनं एक कुंडी हातात घेतली, पानाचा वास घेतला. तीच जात. तिनं खड्ड्याकडे हात नेला आणि मागे घेतला.

"अगं ए," तिनं कुंपणाच्या फटीतून हाक मारली. "ये जरा. ही तू लाव."

धाकटी काम टाकून आली. कुंड्या पाहिल्या, डॉक्टरणीकडे पाहिलं, आणि टाकीखालच्या बादलीकडे वळली. सवय अजून सुटली नव्हती. ती हात बुडवणार तोच थोरलीनं तिचं मनगट धरलं. पेरांवरच्या जुन्या भेगांचे वण थोरलीच्या बोटांना लागले.

"राहू दे गं," थोरली म्हणाली. "अशाच हातांनी लाव."

धाकटीनं हात पदराला पुसले आणि रोप लावायला बसली.